घरची चांदी

शेवटची वर्षं बाबा उमरठला माझ्या भावाकडे राहिले, पण त्यांचा जीव होता एका पत्र्याच्या डब्यात. महाडला शाळेत शिकवत असताना त्यांना ग्रीकांच्या चांदीच्या नाण्यांचं वेड लागलं आणि त्यांनी ते मलाही लावलं. दर रविवारी मी महाडहून एसटीने जायची आणि कापसावर नाणी मांडून आम्ही बसायचो. भावाने डब्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबांचा लोभ अस्सल नाण्यांपेक्षा नकलांवर. राजा मरून गेला तरी दूरदूरचे लोक त्याच्याच नावाने, त्याच्याच छापाची नाणी पाडत राहिले. राजाला पाहिलेलं कुणीच नाही. मग नाक लांबतं, सिंहासनावरच्या देवाच्या तंगड्यांच्या काटक्या होतात. "मेलेल्याचं तोंड कुणाच्या लक्षात राहत नाही बघ," असं म्हणून बाबा हसायचे. "माझ्यामागे डबा हिचा," हे त्यांनी भावासमोर सांगितलं होतं आणि भावाने मान डोलावली होती. बाबा गेल्यावर मी डबा मागितला, तर म्हणाला, वर्षश्राद्ध होऊ दे.

वर्षश्राद्धाला गेले, तर देवघरात नवा टाक. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवून त्याला असं देवांत बसवायची आमच्याकडे रीत आहे. त्यासाठी भावाने डब्यातली सगळी नाणी सोनाराकडून आटवून घेतली होती. मी विचारलं, तर त्यालाच माझा राग आला.

"टाकाला घरचीच चांदी लागते गो. आनि बाबाच सांगायचे, ही खरी नाय, नकला हायत. तुझं काय गेलं?"

काय गेलं ते सांगू कुणाला? ज्याला कळलं असतं त्यालाच यांनी टाकात बसवलं होतं.

सोनाराकडे ठसे तयारच असतात. घोड्यावर स्वार, पिळदार मिशा, हातात तलवार. बाबांनी जन्मात मिशी ठेवली नाही, आणि घाटात एसटीतसुद्धा त्यांना मळमळायचं. वाडीतल्या निम्म्या देव्हाऱ्यांत हाच स्वार आहे, ज्याच्या त्याच्या बापाच्या नावाने.

वहिनीने गंधाची वाटी पुढे केली. चार माणसांत तमाशा नको म्हणून मी गंध लावलं. एखादी ओळखीची रेघ राहिली असेल म्हणून वाकून नीट पाहिलं. ना नाण्यांची होती, ना बाबांची.

निघताना भाऊ फाट्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "येत जा गो अधनंमधनं, बाबांना भेटायला."