पूजेत ठेवलेलं माझं व्हायोलिन

काल विजयादशमी झाली, आणि माझा पक्का ठरलेला बेत फिसकटला…

तंजावरात राजवाड्याजवळ आमचं वाद्यांचं दुकान आहे. वरच्या खोलीत मी व्हायोलिन, वीणा, कीबोर्डचे क्लास चालवते. सगळ्या बॅचेस फुल, लोक म्हणतात छान जम बसवलात.

जम बसला खरा, पण माझा पिट्ट्या पडला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा जुळवायच्या, "आमची स्टेजवर कधी?" विचारणाऱ्या आयांना समजवायचं, मधेच गिऱ्हाईक… स्वतः शेवटचं कधी वाजवलं तेही आठवत नाही.

म्हणून ठरवलं होतं, विजयादशमीची नवी बॅच बसवून द्यायची आणि त्याच दिवशी आमच्या वीणेच्या टीचरला, प्रमिलाला, सांगायचं… पोंगलनंतर क्लास बंद.

आमच्याकडे सरस्वतीपूजेला सगळी वाद्यं देवीपुढे मांडतात, त्या दिवशी कुणी वाजवत नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे विजयादशमीला सकाळी ज्याने त्याने आपलं वाद्य उचलून एक ओळ वाजवायची, मगच नव्या मुलांचा पहिला धडा. दुकानातला हा नियम मीच केलेला.

परवा मांडताना कोपरा रिकामा दिसला, म्हणून माझं जुनं व्हायोलिनही ठेवून दिलं. नियम मात्र साफ विसरले.

काल सगळ्यांचं वाजवून झालं. देवीपुढे एकच पेटी उरली, माझ्या व्हायोलिनची, आणि नवी मुलं मांडी घालून वाट बघत बसलेली.

"अक्का, तुमचं वाजवल्याबिगर धडा कसा सुरू करायचा?" प्रमिला म्हणाली.

पेटी उघडली तर एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. तारांचे डबेच्या डबे विकणारी मी… इतकी लाज वाटली! प्रमिलाने खालून नव्या तारा आणल्या आणि माझ्या हातात दिल्या.

तारा चढवल्या, स रि ग म वाजवलं. बोटं अडखळली, सूर घसरला. पुढे बसलेल्या एका चिमुरडीने आईला तमिळमध्ये विचारलं, "ह्यांचाही आज पहिला दिवस का?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले.

प्रमिलाला जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. थकवा आहे तिथेच आहे… पण सोमवारच्या नव्या बॅचच्या यादीत त्या चिमुरडीच्या खाली मी माझं नाव लिहून टाकलंय.