उन्हायाचा झरा

मामाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत तास घेत होते. सासरच्या गावाहून, नाचणगावहून, फोन आला होता. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याचा पेला दिला आणि मग सांगितलं. सासरा गेल्यावर सुनेच्या मनात पहिला विचार कोणता यावा याची काही रीत असेल तर ती मी मोडली. माझ्या मनात आलं, आता धरणावरच्या सरकारी बंगल्याचं काय करायचं? संक्रांतीनंतरच्या आठवड्यासाठी त्यांनी तो यंदाही सांगून ठेवला होता, नेहमीसारखाच, आम्हाला कोणालाही न विचारता. माणूस निघून गेला आणि जाता जाता मला हिंगणीला, त्याच धरणावर, पाठवायची तजवीज करून गेला... मला रडू फुटलं ते या संतापातच. मोठ्या बाई म्हणाल्या, सासऱ्यांवर फार जीव दिसतो तुमचा.

मामाजी पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीतली काही वर्षं कोकणात काढून परतले ते फणसपोळीची आवड आणि 'उन्हाळे' हा शब्द घेऊन. कोकणात जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं, त्या कुंडांना उन्हाळे म्हणतात, लोक त्यात बसतात आणि सांधेदुखी पळून जाते, हे आमच्या घरात जेवताना, निजताना, पाहुण्यांसमोर आणि पाहुणे गेल्यावरही सांगून झालेलं आहे. पुढे त्यांची बदली बोर धरणावर झाली. तिथे तलावाच्या काठाला, टेकडीच्या पायथ्याशी एक झरा आहे आणि त्याच्याभोवती दगडांनी बांधलेलं लहानसं कुंड. हा कसला झरा, असं मामाजींनी एका गुराख्याला विचारलं. तो म्हणाला, "उन्हायाचा झरा हाये, साहेब." आमच्या वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो आणि उन्हाळ्याचा उन्हाया, हे जन्मापासून ठाऊक असलेल्या या माणसाने तिथेच थांबायला काय हरकत होती? पण नाही, त्यांनी त्या उन्हाळ्याला थेट कोकणात नेऊन पोचवलं. पाण्यात बोटही न बुडवता घरी निरोप धाडला, आपल्या जिल्ह्यात गरम पाण्याचा झरा सापडला, आता हातांचं दुखणं गेलंच समजा.

हात म्हणजे माझ्या सासूबाईंचे, आत्याबाईंचे. बोटांची पेरं सुजून आलेली असायची, थंडीत भाकर थापताना त्या ओठ आवळून घ्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ ऊन पाण्यात हात बुडवून बसा. ऐकतील तर शपथ. एवढ्या पाण्यात पोरांच्या आंघोळी होतात, मी काय पाटलीण आहे का हात शेकत बसायला, असं म्हणून त्या उठायच्या आणि थंड पाण्याने भांडी घासायला बसायच्या. मामाजी ओट्यावरून बघत राहायचे आणि काही बोलायचे नाहीत. एरवी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर बोलणारा माणूस!

माझं लग्न झालं त्याच हिवाळ्यात मी पहिल्यांदा त्या बंगल्यावर गेले. वळकट्या, स्टोव्ह, पिठाचा डबा, लोणच्याची बरणी, हे सगळं घेऊन आधी एसटी आणि मग बैलबंडी. बंगला छान होता, ते मी नाकारत नाही. ओसरीतून समोर तलाव, पलीकडे टेकड्या. मामाजी त्यांना पहाड म्हणायचे आणि रोज सकाळी आम्हाला उठवून दाखवायचे, जणू रात्रीतून नवे आणून ठेवले आहेत. मग सगळी वरात झऱ्यावर. मी पाण्यात पाय टाकला आणि किंचाळलेच, अगंबाई, हे तर बर्फ आहे! कोणी हसलं नाही. आत्याबाई पदर सारखा करू लागल्या, माझे यजमान पहाड बघू लागले. मामाजी स्वतः छातीभर पाण्यात बसलेले, ओठ जांभळे पडलेले, आणि मला म्हणतात, "वरचं पाणी थंड राह्यते, सूनबाई. ऊन पाणी खाली हाये." दुसऱ्या दिवशी तोच गुराखी भेटला तेव्हा मी मुद्दाम विचारलं. बाकीचे झरे उन्हाळ्यात आटतात, हा आटत नाही, म्हणून उन्हायाचा झरा... एवढीच गोष्ट होती. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, बाबांना कळू देऊ नकोस.

पुढच्या वर्षी आत्याबाईंनी मला बंगल्याच्या मागे नेलं आणि मामाजी गेले त्या वाटेकडे बघत हळूच म्हणाल्या, "याईले लोकं हसतीन, बाई. तू पाणी तापव." झालं. मामाजी सकाळी धरणाच्या भिंतीवर फिरायला गेले की आम्ही दोघी बेशरमाच्या झुडपांआड तीन दगड मांडायचो, पितळी गंगाळात पाणी चढवायचो, झरा कुंडात येतो त्या तोंडाला फडक्याचा बोळा लावायचो आणि गंगाळामागून गंगाळ उकळतं पाणी कुंडात ओतायचो. ओली लाकडं, डोळ्यांतून धारा, हाताला चटके. आत्याबाई मग दगडावर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात सोडायच्या आणि समोरच्या तलावाकडे बघत राहायच्या. तेवढ्यात मामाजी यायचे, बोट बुडवायचे आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायचे. त्या वेळी ते गंगाळ त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटायचं, खोटं कशाला सांगू? एकदा शेजारच्या गुरुजींना पाठदुखीसाठी घेऊन आले. गुरुजी आमच्याआधी उठून कुंडात जाऊन बसले आणि तापाने फणफणले. मामाजी म्हणाले, रोग बाहेर पडून राह्यला.

वर्षामागून वर्षं हे चाललं. मला मुलगी झाली, ती चालू लागली, तरी हिवाळा आला की गंगाळ बंडीत. मग आत्याबाई गेल्या. मला वाटलं, निदान हिंगणी तरी सुटली. पण पुढच्याच संक्रांतीला मामाजींनी बंगला सांगितला. मी गेले, पण मनाशी ठरवून गेले की या वेळी काडी ओढायची नाही. ज्यांच्यासाठी ओढत होते त्याच नव्हत्या. मामाजी भिंतीवरून फिरून आले, आत्याबाईंच्या दगडावर बसले आणि त्यांनी पाण्यात हात घातले.

"आज धूर नाई दिसला," ते म्हणाले.

कसला धूर, मी विचारलं.

"भिंतीवरून दिसते ना. तुमी म्हणत होत्या गोवऱ्यांवर रोडगे भाजून राह्यलो. रोडगे तर खायले एकाच दिवशी भेटत, धूर रोज."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासरा आहे, एकटा पडला आहे, सगळं विसरून मी बोलले. माहीत होतं तर इतकी वर्षं गप्प का बसलात? ते म्हणाले, पाणी थंड आहे हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण तोवर सगळ्यांना सांगून बसलो होतो. मग धूर दिसू लागला, तेव्हा म्हटलं चालू द्या. मी म्हटलं, मग घरीच पाणी तापवलं असतं. नाचणगावात काय सरपण मिळत नव्हतं?

"घरी बसली असती काय तुही सासू?"

माझा राग आणखीच चढला. आत्याबाई मामाजींची अब्रू झाकत होत्या, मामाजी आत्याबाईंचे हात शेकून घेत होते, आणि दोघांच्या मधे धूर खात होते मी. मी तशीच तडक बंगल्यावर निघून आले. दुसऱ्या सकाळी ते फिरायला गेले आणि मी चडफडत तीन दगड मांडले. परत आल्यावर त्यांनी बोट बुडवलं, माझ्याकडे बघितलं, पण या वेळी त्या नजरेत विजय नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात पाण्यात सोडले.

तेरवी झाल्यावर नाचणगावहून मी ते गंगाळ वर्ध्याला आमच्या घरी आणलं. यंदाच्या थंडीत खडू धरताना माझीही बोटं दुखू लागली आहेत. परवा रविवारी पाणी तापवलं, गंगाळात हात बुडवले आणि अंगणात बसले. समोर शेजाऱ्यांची भिंत, पहाड वगैरे काही नाही. तरी बरं वाटत होतं. तेवढ्यात आत दूध उतू गेलं, मुलीला रिबीन सापडेना, दारात भाजीवाली उभी... मी हात पदराला पुसले आणि उठले. पाणी निवून गेलं. घरी बसणं होत नाही, एवढं त्या माणसाचं खरं होतं.

संध्याकाळी यजमानांनी विचारलं, त्या बंगल्याला आता नाही म्हणून कळवू ना? मी म्हटलं, राहू द्या, जाऊ. पण या वेळी पाणी तुम्ही तापवायचं.