फ्लॉपीतलं कुंकू

जुन्या कॉम्प्युटरचा फ्लॉपी ड्राइव्ह उघडला आणि माझ्या टेबलावर लाल भुकटी सांडली.

"हे काय?" मी विचारलं.

"कुंकू हाय, मॅडम," निलेश म्हणाला. "आमी दसऱ्याला मशिनींची पूजा करतो. बाबा कॉम्प्युटरला पण लावायचे."

"मग वर लावायचं ना! फटीत कशाला?"

"आमच्या डंपरला तोंडावर लावतो. याचं तोंड हेच वाटलं आमाला."

मी पनवेलमध्ये डेटा रिकव्हरी करते. म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरून फायली परत काढून देते. लोक लग्नाचे फोटो नाहीतर जीएसटीच्या फायली मागतात. उलव्याच्या निलेशला हवी होती एक अर्धवट राहिलेली लढाई. त्याच्या बाबांचा जुना गेम, शिडांच्या जहाजांचा. वाऱ्याची दिशा बघून जहाज वळवायचं, तोफा डागायच्या. एक चाल आपली, एक कॉम्प्युटरची. आजोबांचं मिठाचं गलबत होतं, म्हणून बाबांना त्याचं वेड.

आता बाबांना लकवा झाला होता. उजवा हात वापरला नाही तर तो कायमचा जाईल, असं फिजिओने बजावलं होतं. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू बाबा भिरकावून देत.

"तोच गेम नवा डाउनलोड करून दिला, तर तोंड फिरवलं. त्यांना त्यांचीच लढाई पायजे. नाय जमणार काय?"

लढाई सेव्ह केलेली फ्लॉपी वर्षानुवर्षं ड्राइव्हमध्येच राहिली होती. आत असताना तिचं पत्र्याचं झाकण उघडं असतं. कुंकू थेट आतल्या चकतीवर. मी कव्हर फोडलं, चकती स्पिरिटने पुसली, दुसऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात बसवली. एरर. परत पुसली. परत एरर. वैतागून चहा मागवला. शेवटी तुकड्या-तुकड्याने कॉपी निघाली एकदाची. निलेशच्या लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला. हे सॉफ्टवेअर नव्या मशीनला जुन्याचं सोंग घ्यायला लावतं.

असल्या कामाला मी कुणाच्या घरी जात नाही. उलव्याला मात्र गेले.

लढाई उघडून लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांच्या जहाजाची एक डोलकाठी मोडलेली होती. वळवायची बटणं कीबोर्डच्या उजव्या टोकाला. निलेश मदतीला वाकला. बाबांनी त्याला डाव्या हाताने बाजूला सारलं, मग त्याच हाताने उजवा हात उचलून बटणांवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बोट हललं, आणि जहाज वळलं.

"वारा फिरला," ते अडखळत म्हणाले.

मला रडू आलं. ते लपवायला मी उगाच बॅगेत चार्जर शोधत बसले.

दसऱ्यानंतर निलेश तोच लॅपटॉप घेऊन दुकानात हजर. यूएसबीच्या फटीत कुंकू.

"अहो, सांगितलं होतं ना, वर लावा म्हणून!"

"मी नाय, मॅडम. बाबांनी लावलं, उजव्या हातानं. नेम चुकला."

मी गुपचूप ब्रश घेतला. गिऱ्हाइकाला सूचना जरूर द्यावी. ती मोडली गेली, तर ओरडायच्या आधी कुणी मोडली ते विचारावं.