बिओबिओच्या अलीकडे

मद्रासमधल्या आमच्या अड्यारच्या घरात बिओबिओ नदी आहे. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये मोझाइकच्या फरशीत बसवलेली एक पितळी पट्टी, बोटभर रुंद. आप्पांनी तिला नदी ठरवलं तेव्हा मी लहान होते. हॉलकडे स्पॅनिश सैन्य, स्वयंपाकघराकडे मापुचे. आप्पा अर्थातच स्वयंपाकघराच्या बाजूला भिंतीला टेकून बसत. रविवारी दुपारी ताकभात झाला, पंख्याचा आवाज घरात एकटाच उरला, की गोष्ट सुरू होई. ती ऐकता ऐकता मी कितीदा झोपले असेन. म्हणून आजही मला त्या लढाईतलं काय आप्पांनी सांगितलेलं आणि काय स्वप्नात पाहिलेलं, हे नीट वेगळं करता येत नाही. धुकं, ओली जंगलं, दालचिनीसारख्या वासाच्या सालीचं एक झाड. त्याची फांदी हातात धरून आलेला माणूस बोलायला आलेला असतो, लढायला नाही.

आप्पा गेल्याला आता वर्ष होईल.

ते तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या, घरात जुनं, तमिळच्या चालीवर झुलणारं मराठी बोलणाऱ्या घरातले. जवळच गिंडीत एका छोट्या कारखान्यात त्यांनी कारकुनी केली. मापुचे त्यांना जुन्या पुस्तकांच्या दुकानात भेटले, मुखपृष्ठ फाटलेल्या एका इंग्रजी इतिहासात. दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाकडे, आज चिली म्हणतात त्या देशात राहणारे हे लोक. मोठमोठी साम्राज्यं झटपट गिळणारे स्पॅनिश त्यांच्यापाशी येऊन अडले, ते पिढ्यानपिढ्या अडलेच. शेवटी नदीकाठी बसून, तासन्‌तास त्यांची भाषणं ऐकून घेऊन, पलीकडचा मुलूख तुमचा असं त्यांना कबूल करावं लागलं.

"का हरले नाहीत, सांग," आप्पा विचारत, आणि उत्तर स्वतःच देत. "त्यांना राजा नव्हता. हरवायचं कोणाला? आपल्याला राजा होता. इंग्रजांनी वारस नाही म्हटलं, झालं, राज्य गेलं."

गोष्टीतली गंमत वेगळीच होती. आई पुण्याची. आजोबा सरकारी नोकरीत बदलीवर मद्रासला आले होते. बदली संपली तेव्हा सगळे परत गेले, आई तेवढी लग्न होऊन इथे राहिली. तर आप्पांच्या गोष्टीतले मापुचे आप्पांसारखं तंजावरी बोलत आणि स्पॅनिश मात्र आईसारखं, शुद्ध पुणेरी.

"ऐका हो ऐका," त्यांचा सेनापती किल्ल्यावरून ओरडे, "दुपारी एक ते चार लढाई बंद राहील!"

आई ओट्यापाशी उभी राहून म्हणे, "आणि तुमचे शूरवीर? शत्रू दारात आला तरी आधी कॉफीचं डिकॉक्शन उतरू दे म्हणत असतील."

"म्हणत होते. म्हणून तर जिंकले."

स्पॅनिश सरदाराच्या घोड्यांची निगा राखणारा एक मापुचे पोरगा असे. घोडा म्हणजे देव नाही, त्यालाही धाप लागते, हे तो तिथे शिकतो आणि पळून आपल्या लोकांत येतो. मग मोठं बंड होतं, नदीपलीकडची स्पॅनिश गावं एकेक करून उठतात. इथे आप्पांचा आवाज खाली येई. त्या बंडात पकडून नेलेल्या स्पॅनिश बायका होत्या. पुढे तह झाला, कैदी सोडायचं ठरलं, तरी त्यातल्या काही परत गेल्याच नाहीत. "राहिल्या," असं म्हणून आप्पा आईकडे बघत. आई म्हणे, "चहाटळपणा पुरे. ताटं उचला."

स्पेन गेल्यानंतर नव्या देशाच्या फौजांनी तीच जमीन घेतली, हे मी मोठेपणी वाचलं. आप्पांना ते ठाऊक असणार. त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची गोष्ट नदीपाशीच थांबे आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "अस्की आले, अस्की गेले. आम्हीं एथेंच आहों." अस्की म्हणजे सगळे.

तेराव्यासाठी पुण्याहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. कार्य झालं तरी तो राहिला. मला त्याचा राग येत नव्हता, तो सगळ्यांचीच काळजी करणारा माणूस आहे. हॉलमध्ये वर्तमानपत्र उघडून बसे आणि मधूनच म्हणे, "ताई, खोली रंगवून ठेवलीय. खाली बाग आहे. इथे तू बोलणार कोणाशी? ही दिवसभर लायब्ररीत, नात शाळेत. भावोजी होते तोवर ठीक होतं."

 आप्पा गेल्यापासून आई फारशी बोलतच नव्हती. भाजी चिरायची, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकताना बघायची. मी मामाला नको म्हणू शकत नव्हते, कारण त्याचं खोटं नव्हतं. आणि आईला राहा म्हणू शकत नव्हते, कारण ती माझ्यासाठी राहिली असती. पण ती गेली तर आप्पा दुसऱ्यांदा जातील, एवढं मला कळत होतं. मी कामावरून परत येताना दारातून आधी कोपऱ्यात बघायची, तिची बॅग भरलेली आहे का.

त्या रविवारी माझ्या मुलीने हट्ट धरला. ती तमिळच जास्त बोलते, पण आजोबांची गोष्ट तिला त्यांच्याच भाषेत हवी असायची. "ताता पोराला घोड्यांपर्यंत घेऊन आले होते. पुढे सांग."

मी आप्पांच्या जागी बसले. पुस्तकी माणूस मी, तपशील सगळे पाठ. जरा वेळ ऐकून ती कंटाळली.

"अय्यो अम्मा, तू सगळ्यांना स्पॅनिश करतेस!"

खरंच होतं. मी आईकडून आणि पुस्तकांतून मराठी शिकले. आप्पांचे शब्द मला ऐकू येतात, तोंडात येत नाहीत.  खिडकीतून समुद्राकडचा वारा आला आणि कॅलेंडरची पानं हलली.

मागून आवाज आला. आई शेंगा निवडत होती, मान वर न करता. आणि मापुचे बोलू लागले, त्याच हेलात, वाक्याचं टोक तसंच वर उचलत. क्षणभर मला वाटलं मी लहान आहे आणि मला झोप लागली आहे.

तिने नदीकाठची गोष्ट सांगितली. आप्पांनी ती कधी एवढी लांबवली नव्हती. तहाचा दिवस. पलीकडून एक स्पॅनिश भाऊ घोडा घेऊन बहिणीला न्यायला आलेला. चांगला भाऊ, तिच्यासाठी नवं लुगडं आणलेला. स्पॅनिश बाईला लुगडं कसं, असं माझ्या मुलीनेही विचारलं नाही. भाऊ पुणेरीत म्हणतो, चल, घरी चल. बाई पाण्याकडे बघते. तिला भावाचं बोलणं कळतं, सगळं कळतं.

"मग?" मुलगी म्हणाली.

"मग ती सांगे, मी कोठें येऊं, बाबा? माझें अस्की एथेंच आहे."

हॉलमध्ये वर्तमानपत्र खाली झालं.

"ताई," मामा म्हणाला, "तू तमिळ कधीपासून बोलायला लागलीस?"

"मराठी आहे ते," आई म्हणाली, तिच्या पुणेरीत. "तुझ्या-माझ्यापेक्षा जुनं. कॉफी घेणार? उतरलीय."

मामाने वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठला, पितळी पट्टी ओलांडून आत आला आणि आईशेजारी खाली बसला. शेंगांचं ताट त्याने स्वतःकडे ओढलं. "मला हे नीट निवडता येत नाही हं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," आई म्हणाली आणि कॉफीचा टंबलर त्याच्यापुढे ठेवला.