येसाजीचं चलान

उमरठच्या येसाजीला सायकलसुद्धा येत नव्हती. आणि फोनवर मेसेज आला, की त्याने कशेडीजवळ ताशी अठ्ठ्याण्णवच्या वेगाने मोटार हाणली. दंड भरा, नायतर महाडच्या कोर्टात लोकअदालतीला या.

मेसेज वाचला शेजारच्या सयाजीने. येसाजीचा फोन बटणांचा, त्यात अक्षरं येत, फोटो काही येत नसे. सयाजी ओटीवर पोट धरून हसला.

"येसबा, सत्तरी झाली नि आत्ता कानात वारा भरला काय रे?"

दोन दिवसांत अख्खी वाडी त्याला 'अठ्ठ्याण्णव' म्हणून हाक मारायला लागली.

गाडी त्याच्या नावावर होती, एवढं खरं. मुलगा प्रवीण नालासोपाऱ्याला. पहिली गाडी बापाच्या नावावर, असं म्हणून त्याने कागदावर नाव बापाचं घातलं नि फोन नंबरही बापाचाच. पण मेसेजातली तारीख शिमग्याची, पालखी वाडीत आली त्या दिवसाची. पालखीला घरातल्या माणसाचा खांदा लागतो. बायको गोदूबाई जाऊन चार वर्षं झाली, घरात दुसरं कोण नाय. त्या सकाळीच प्रवीण फोनवर म्हणाला होता, "बाबा, सुट्टी देत नाय. ड्युटीवर हाय." मग येसाजीने दुखऱ्या गुडघ्यांवर स्वतःच खांदा दिला. चार पावलं गेला. पुढं शेजारच्या पोरांनी पालखी काढून घेतली.

"माजा पोर त्या दिवशी मुंबयला व्हता," येसाजी म्हणाला. "कोनीतरी नंबर चोरलान. कोर्टात जाऊन सांगतो."

"अरे, आधी प्रवीणला तरी विचार."

"त्याला कशाला विचारायचा? तो कामाव व्हता."

फोन त्याने केला नाही. फोन हातात मात्र बऱ्याच वेळा घेतला.

लोकअदालतीच्या दिवशी सयाजी सोबतीला आला नि कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर बसला. आत ट्रकवाल्यांची ही रांग. पुढचा म्हणाला, "बाबा, हो म्हणा, सही करा नि सुटा. इथं भांडत कोण नाय."

"मी सुटाया आलो नाय," येसाजी म्हणाला. "चलान खोटा हाय, ता सांगाया आलोय."

टेबलापाशी त्याने तेच सांगितलं. न्यायाधीश बाईंनी नीट ऐकून घेतलं.

"नंबर चोरला असेल तर तक्रार लिहून घेऊ, तपास होईल. आधी फोटो बघा, आजोबा."

पोलीसबाईने मोबाईल पुढे धरला. पांढरी गाडी, पाठमोरी. नंबर तोच. येसाजी ठाम होता. नंबर काय, कोणीही रंगवील. मग तिने फोटो मोठा केला नि खालचा बंपर दिसला.

गाडी घेतली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून येसाजीने आपली जुनी टायरची वहाण काळ्या दोऱ्याने मागे बांधली होती. तिचा अंगठा तुटलेला, तिथं त्याने तांब्याची तार पिळून घातलेली. ती वहाण वाऱ्याने आडवी झाली होती. तार चकाकत होती. वर वेळ होती, सकाळचे अकरा दहा. तेव्हा पालखी वरच्या आळीत होती नि येसाजी दारात उभा राहून ढोल ऐकत होता.

मुंबईहून कशेडी गाठायची तर पोलादपूर मागं टाकावं लागतं. उमरठचा फाटा तिथंच.

"काय आजोबा? तक्रार लिहायची?"

येसाजीने टोपी काढली, पुन्हा घातली.

"नको. गाडी माजीच हाय."

सही केली, दंड भरला, पावती घडी करून बंडीच्या खिशात घातली.

बाहेर सयाजी वाट बघत होता. "काय रे? गावला चोर?"

"कसला चोर? मीच व्हतो."

सयाजी कप तोंडाशी नेता नेता थांबला. येसाजीच्या तोंडाकडे बघत राहिला. मग उरलेला चहा त्याने मातीत ओतला.

"तरी मी म्हंतो," तो टपरीवाल्याला ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला आवरा! अठ्ठ्याण्णव!"

एस्टीतही सयाजी तेच सांगत सुटला. कंडक्टरला, नात्याच्या एका बाईला, कोण मिळेल त्याला. माणसं हसत होती. येसाजी खिडकीशी बसला होता. पोलादपूरचा स्टँड येईस्तोवर त्याने सयाजीला एकदाही गप्प केलं नाही.