भिंतीकडे पाठ

डबा उघडण्याआधी ताई आमचे मोबाइल पालथे घालायच्या. सगळ्यांचे, स्वतःच्या हातानं. "आधी जेवून घ्या. वाईट बातमी कुठे पळून जात नाही."

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी ताई असेल. आमची नागपूरची. अमेरिकेत, ट्रॉयच्या ऑफिसात टेस्टिंगच्या टीमला होत्या. दर शुक्रवारी चौघांना पुरेल एवढा गोळाभात घेऊन यायच्या आणि नको म्हणायची कोणाची टाप नव्हती.

त्यांच्या टेबलामागे एक चित्र टाचलेलं होतं, म्युझियममधून आणलेलं. मूळ चित्र दोनेकशे वर्षांपूर्वीचं. बायबलमधली गोष्ट आहे: राजाची मेजवानी ऐन रंगात आलेली असताना हवेतून एक हात येतो आणि भिंतीवर लिहितो, तुझं राज्य संपलं. राजा मागे कोलमडलाय, राण्या किंचाळतायत, पेले उलटलेत. कोपऱ्यात एक वाढपी मात्र भिंतीकडे पाठ करून निवांत वाढतोय.

"हा आपला माणूस," ताई म्हणायच्या.

"त्याला अजून पत्ताच नाहीये, ताई," मी चिडवायचो. "तुमच्यासारखाच. सगळा फ्लोअर ले-ऑफचं बोलतोय आणि तुम्ही भात वाढताय."

"उपाशीपोटी बोलून कॅन्सल होणार आहे का तो?"

खरं तर सगळ्यात जास्त भीती त्यांनाच असायला हवी होती. नोकरी गेली की व्हिसावरच्या माणसाला साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. घरात त्या आणि बारावीतली मुलगी, दोघीच. "जूनमध्ये तिचं शाळेचं ग्रॅज्युएशन आहे. तोवर निभू दे, बस्स," एवढंच त्यांचं मागणं होतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मोबाइल नेहमीसारखे पालथे झाले. त्या दिवशी ताईंनी आग्रह जरा जास्तच केला. मी दोनदा भात घेतला.

जेवून मोबाइल सुलटे केले. शेजारच्याला मेल आला होता: आज शेवटचा दिवस. तो नुसता बघत राहिला. मला काही आलं नव्हतं.

"ताई, तुमचा बघा."

"माझा सकाळीच आला," डबे एकात एक बसवत त्या म्हणाल्या. "कुकर लावला होता तेव्हा."

खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. तोंडात फोडणीची चव होती, तेवढीच.

दुसरी नोकरी मिळाली नाही. एप्रिलमध्ये मीच दोघींना एअरपोर्टवर सोडलं. मुलगी रस्ताभर खिडकीबाहेर बघत होती. "इट्स फाइन, काका," एवढंच म्हणाली. मी गाडी चालवत राहिलो.

चित्र ताई इथेच ठेवून गेल्या. शुक्रवारी मी त्यांच्या टेबलाशी बसून जेवतो, मोबाइल पालथा घालून. समोर तो वाढपी असतो. चार वर्षं मी त्याची थट्टा केली. त्याला पत्ता नाही असं नव्हतं. त्यानं भिंतीकडे पाठ केलीय, कारण त्याचं वाचून झालंय.