बिनदुधाची कॉफी आणि एक मिनिट

आमच्या हिचे थोरले बंधू आण्णा म्हणजे दारात चार म्हशी बांधलेल्या असताना बिनदुधाची कॉफी पिणारे जोतिबाच्या पायथ्याचे पहिले गृहस्थ. ही बातमी भावकीत पसरली तेव्हा एक चुलते घरी येऊन, म्हशी आटल्या का, अशी हळहळत चौकशी करून गेले. आण्णांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं, की सायकल थोडाच वेळ पण जीव तोडून मारायची असेल तर तासभर आधी कडक कॉफी घ्यावी. आणि आण्णांना नेमकं एक मिनिटच जीव तोडायचा होता. घराच्या फाटकापासून वरच्या वळणावरच्या आंब्यापर्यंतचा खडा चढ पंचविशीत आपण कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या बांधून मिनिटात चढत होतो, असं ते सांगत. साक्षीदार कोणी उरलेला नाही. साठीच्या दिवशी सायकल लेकीला देऊन टाकायची, असा शब्द त्यांनी वहिनींना दिला होता. त्याआधी एकदा, फक्त एकदा, तो आंबा त्यांना पुन्हा मिनिटात गाठायचा होता.

घड्याळ धरायला दर रविवारी मला कोल्हापुरातून बोलावणं यायचं. त्या घरात दूध तांब्यानं पितात, म्हणून पहिल्या रविवारी आण्णांनी कॉफीही तांब्यानंच घेतली. सायकलवर बसण्याआधीच हात असे थरथरू लागले, की घंटी आपोआप वाजायला लागली. दुसऱ्या रविवारी कॉफी बेताची होती, पण मधल्या तासानं घात केला. रस्त्यानं जाणाऱ्या पावण्यांना हाका मारून कॉफीचे गुण ऐकवता ऐकवता त्या तासाचे तीन झाले. दर वेळी वर पोचल्यावर ते धापा टाकत आधी माझ्या हातातलं घड्याळ हिसकावून घेत, चष्मा लावून आकडा बघत आणि म्हणत, "दाजी, बटण उशिरा दाबलासा."

मग एकदा छातीत धडधडलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालू दे, कॉफी बंद. आण्णा ऐकेनात. तेव्हा वहिनींनी खजुराच्या बिया भाजून, कुटून कॉफीच्या डब्यात भरल्या आणि मला गोठ्यात नेऊन शपथ घातली. गंमत अशी, की त्या बियांवरही आण्णांचा वेळ उतरतच गेला. एक मिनिट दहा, मग सहा, मग तीन. बघा कॉफीची ताकद, असं ते म्हणत आणि मी गंभीरपणे मान डोलावी.

साठीच्या आदल्या सकाळी वहिनी फाटकात उभ्या राहिल्या. आण्णा चढले आणि वर येऊन आंब्याला टेकले. मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट एक सेकंद.

"किती?"

"एक मिनिट. बरोबर."

आण्णा रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि खाली फाटकाकडे बघत म्हणाले,

"दाजी, ती कॉफी न्हवं. खजुराची बी हाय. पयल्या घोटालाच कळलं हुतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कप रिकामा हुईस्तवर ती समोरनं हलायची न्हाय. असं कोण बघत बसलं, की चढाय हुतंय की. तिला सांगू नगा."

मी बरं म्हटलं. सायकल हातात धरून आम्ही चालत खाली आलो. ती आता लेकीकडे आहे. आण्णा मात्र अजून रोज सकाळी कपभर खजुराच्या बिया कॉफी म्हणून पितात, आणि वहिनी समोर उभ्या असतात. मला राहून राहून एकच आठवतं. त्या सकाळी आण्णांनी घड्याळ मागितलं नाही.